उजवीकडच्याने मागायचं

मित्रांनो, मी सुरतेतली एक जुनी सतरंजी आहे, आणि माझ्यात हातभर लांबीचं एक चौकोनी भोक आहे. उंदीर-घुशींना उगाच दोष देऊ नका. ते भोक माणसांनी पाडलं, कात्रीने, एकमेकांच्या देखत. ते कसं पडलं हे सांगायचं तर मला माझी सगळी कहाणी सांगावी लागेल. मी थोडी तिखट बोलते, तेवढं चालवून घ्या. इतकी वर्षं लोकांच्या बुडाखाली काढली की गोड बोलायची सवय राहत नाही.

माझा जन्म नवागाममध्ये, गणपतभाऊंच्या खोलीत झाला. गणपतभाऊ लूमवर कापड विणायचे. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडून पोटासाठी सुरतेला आलेले. त्यांच्यासारखीच गावाकडून आलेली, येशूला मानणारी काही घरं दर रविवारी त्यांच्या खोलीत प्रार्थनेला जमायची. खोलीला ओल होती. पावसाळ्यात फरशी इतकी गार पडायची की प्रार्थनेपेक्षा शिंकाच जास्त ऐकू यायच्या. शेवटी इंदुबाईने मनावर घेतलं.

इंदुबाई त्याच गल्लीत राहायची. घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची. तिला जिथून माल यायचा, त्या मिलमध्ये एकदा छपाई बिघडली. कापडावरच्या मोरांना पिसारा आला, पाय आले, पण डोकंच आलं नाही. असं कापड कोण नेसणार? इंदुबाईने ते मागून आणलं. खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, मध्ये चिंध्यांचे थर आणि वर डोकं नसलेले मोर, असा माझा देह तयार झाला. दाभण हातात धरून तिनेच मला शिवलं. सोबत जयश्री बसली होती. जयश्री तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती आणि तिला सुईसुद्धा नीट धरता येत नव्हती. तिचे टाके अजून माझ्या एका बाजूला आहेत. वाकडे आहेत, पण सुटलेले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी पॉलिस्टरची आहे. मला बघून कोणी म्हणतं, प्रार्थनेच्या या सतरंजीने किती अश्रू प्यायले असतील! मी एकही प्यायले नाही. पॉलिस्टर पाणी पीत नाही. अश्रू माझ्यावर पडायचे, थोडा वेळ तसेच थांबायचे आणि मग कोणाच्या तरी पदराने पुसले जायचे. बहुतेक वेळा तो पदर शेजारणीचा असायचा.

आता तेव्हाची प्रार्थना कशी चालायची ते ऐका. सगळे माझ्या कडेकडेने गोल बसायचे, प्रत्येकाचा मोर ठरलेला. पहिला थोडा वेळ कोणी काही बोलायचं नाही. आठवडाभर लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसांना ती शांतता जेवणासारखी लागायची. मग एकेकाने आपली अडचण सांगायची, एकाच वाक्यात, फुगवून नाही. पण स्वतःसाठी देवाकडे स्वतः मागायचं नाही. मागायचं उजवीकडे बसलेल्याने, नाव घेऊन, आपल्या साध्या बोलीत. आणि ज्याने मागितलं त्याने त्या आठवड्यात त्या माणसाच्या घरी जाऊन यायचं.

हा नियम गणपतभाऊंचा. "सोतासाठी मांगताना मानूस लाजस, नहीतं मंग लोभ करस," असं ते म्हणायचे. "दुसरासाठी मांग. आन मांगं म्हनजे जाय."

इंदुबाईच्या उजवीकडे जयश्री बसायची. एकदा त्या दोघींचं नळावर जोरदार भांडण झालं. कोणाची बादली आधी, यावरून सगळी गल्ली गोळा झाली होती. रविवारी दोघी तोंडं फिरवून माझ्यावर बसल्या. इंदुबाई म्हणाली, मना डोकाले ताप शे. आता जयश्रीला मागणं भाग होतं. तिने दात-ओठ खात डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, इंदुमावशीना ताप उतार. आन तिले थोडी अक्कल बी दे." गणपतभाऊंना हसू आवरेना. इंदुबाईसुद्धा डोळे मिटूनच हसली. त्याच आठवड्यात नियमाप्रमाणे जयश्री तिच्या घरी गेली, आणि जाताना भरलेली बादली घेऊन गेली. मला हे कसं कळलं? पुढच्या रविवारी इंदुबाईनेच सगळ्यांना सांगितलं, बादली कुठे हिंदकळली तेसुद्धा.

कोणी आजारी पडलं तर त्याची जागा दुसऱ्याने घ्यायची नाही, अशीही रीत होती. तेवढा एक मोर रिकामा राहायचा. प्रार्थना चालू असताना सगळ्यांची नजर राहून राहून तिकडे जायची. मग मला गुंडाळायचे, कोणीतरी खांद्यावर टाकायचं आणि वरात निघायची त्या घरी. मी नवागामच्या खोल्यांमध्ये पसरले आहे, दिंडोलीच्या गच्चीवर पसरले आहे. काही खोल्या इतक्या लहान होत्या की मला दुमडून खाटेखाली सरकवावं लागायचं आणि माणसं दारापर्यंत दाटीवाटीने बसायची. पण आजारी माणूस मला बघितलं की उठून बसायचा प्रयत्न करायचा. सतरंजी आली म्हणजे सगळे आले, हे त्याला माहीत असायचं. ती माझ्या मानाची वर्षं होती आणि मला त्यांचा गर्व आहे. लपवत नाही.

मग मंडळी वाढली. वाढली याचं मला दुःख नाही. गणपतभाऊंच्या खोलीत दार लावता येईना, तेव्हा बमरोलीला दुकानांच्या वर एक हॉल घेतला. पास्टर म्हणून प्रशांत आला. तरुण, शिकलेला, मनाचा चांगला माणूस. त्याला वाईट ठरवून मोकळं व्हायची मला सोय नाही. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्याने खुर्च्या आणल्या. मागच्याला ऐकू येत नाही, म्हणून माईक आणला. इतक्या माणसांनी आपली अडचण सांगायची तर दुपार होईल, म्हणून त्याने मोबाईलवर ग्रुप काढला. ज्याला जे हवं ते त्याने तिथे लिहावं, सगळ्यांनी सगळ्यांसाठी प्रार्थना करावी. ऐकायला किती छान आहे! सगळे सगळ्यांसाठी.

गणपतभाऊंनी एकदाच विचारलं, "मंग उजवीकडलानं काय करानं?"

"भाऊ, आता उजवीकडचे, डावीकडचे, मागचे, पुढचे, सगळेच करतील," प्रशांत म्हणाला. गणपतभाऊंना खुर्चीवर बरं वाटत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जयश्रीचा आवाज गोड. तिला माईक मिळाला. हळूहळू तिची प्रार्थनाही गोड झाली. पूर्वी ती देवाशी नळावर बोलावं तशी बोलायची. आता हिंदीत बोलू लागली, मोठमोठे शब्द, एकात एक गुंतलेले. लोक डोळे मिटून डोलायचे. ज्यांनी आयुष्यभर मोडक्या बोलीत शेजाऱ्यासाठी मागितलं होतं, त्यांना आता स्वतःच्या मागण्याची लाज वाटू लागली. जयश्री इतकं चांगलं मागते तर आपण कशाला तोंड उघडायचं? ती मागायची, बाकीचे आमेन म्हणायचे.

आणि मी? मला स्पीकरच्या डब्याखाली घातलं. डबा हादरू नये, एवढंच माझं काम उरलं. जागा दाराजवळची, जिथे लोक चपला काढतात. मी पूर्वी माणसांना गुडघ्यांवरून ओळखायचे. आता चपलांवरून ओळखू लागले. इंदुबाईच्या निळ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो पिनेने अडकवला होता. ती चप्पल काढताना दर रविवारी थांबायची आणि माझा बाहेर आलेला कोपरा पायाने आत सरकवायची. एवढीच आमची भेट.

एका रविवारी ती चप्पल आली नाही.

इंदुबाई घरी मोरीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून ती परत आली, पण खाटेवरून उठता येत नव्हतं. घरात ती आणि तिचा मुलगा सुकदेव, दोघंच. सुकदेवची लूमवर बारा तासांची पाळी. तो गेला की ती एकटी. सुकदेवने ग्रुपवर लिहिलं, आईसाठी प्रार्थना करा. स्पीकरखाली पडल्या पडल्या मी प्रशांतला आनंदाने सांगताना ऐकलं की ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची आणि आमेनची रांग लागली आहे.

मित्रांनो, त्या रविवारी मला वाटलं, आता डबा उचलतील. आता मला झटकतील आणि खांद्यावर घेतील. इंदुबाई पडली आहे! जिने मला शिवलं ती पडली आहे! जयश्रीने माईकवर तिच्यासाठी फार सुंदर मागितलं. प्रभू, तू तिच्या उशाशी बस, तू तिला पाणी दे, तू तिचा हात धर. मग गाणं झालं, मग सूचना झाल्या, आणि सगळे चपला घालून निघून गेले. देवाने उशाशी बसायचं होतं, म्हणून बाकी कोणाला जायचं कारणच उरलं नव्हतं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. प्रत्येकाला वाटत होतं, एवढे सगळे आहेत, कोणीतरी जाऊन आलंच असेल.

मग याहून मोठी गोष्ट घडली. आमच्या मंडळीत एक शिकवण आहे, आणि ती खोटी नाही, की देवाकडे मागितल्यावर मिळायच्या आधीच त्याचे आभार मानावेत. त्यात विश्वास दिसतो. तर एका रविवारी जयश्री माईकवर म्हणाली, "प्रभु, तूने इंदुबाई को चंगा किया है, तेरा धन्यवाद!" तिने ते विश्वासाने म्हटलं. खाली बसलेल्यांनी ते बातमी म्हणून ऐकलं. बरी झाली! टाळ्या पडल्या. कोणीतरी ग्रुपवर टाकलं, इंदुबाई बरी झाली, प्रभूची स्तुती असो. पुन्हा आमेनची रांग. प्रशांतनेही माईकवरून साक्ष म्हणून सांगितलं. टाळ्यांचा आवाज ऐकून जयश्रीलाही वाटलं असेल की खरंच बरी झाली. त्या दिवसापासून इंदुबाईचं नाव घेणंसुद्धा बंद झालं.

स्पीकर माझ्या छातीवर दणदणत होता, आणि मला दारातल्या सगळ्या चपला दिसत होत्या. त्यांत पिनेची निळी चप्पल नव्हती. बरी झालेली बाई रविवारी चर्चला का येत नाही, हा प्रश्न एकालाही पडला नाही. पूर्वी माझ्यावर रिकामा मोर सगळ्यांना दिसायचा. रिकाम्या खुर्चीवर काय, दुसरं कोणीतरी येऊन बसतं, नाहीतर पिशवी ठेवतं. मला ओरडता आलं असतं तर मी तो स्पीकर फोडून ओरडले असते.

शेवटी हॉलमध्ये आली ती आमच्यातली नव्हतीच. चंचल तिचं नाव, इंदुबाईच्या वरच्या खोलीत राहणारी. वऱ्हाडाकडची माणसं, पण ही सुरतेतच वाढलेली. प्रार्थना संपत आली होती. ती दारात चपलांच्या गर्दीत उभी राहिली आणि सरळ मोठ्याने म्हणाली, "इंदुमावशीचे चर्चवाले तुम्हीच ना?"

"हो, या ना," प्रशांत म्हणाला.

"या नाही, मी सांगायला आली. उद्या सुकदेव तिला गावी नेऊन सोडतोय, बहिणीकडे. रोज ती मला पूछते, सतरंजी लईने कोई आव्युं, कोणी घेऊन आलं का? आता मला काय माहीत सतरंजीचं काय ते. म्हटलं जाऊन विचारते."

"पण ती तर बरी झाली ना?" पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"कोण म्हणालं? तिला उठवते मी, तिचं भांडं काढते मी. बरी असती तर मी इथे कशाला आली असती?"

जयश्रीने माईक खाली ठेवला. गणपतभाऊ खुर्चीवरून उठले, भिंत धरत धरत दारापाशी आले आणि स्पीकरचा डबा एकट्यानेच ढकलू लागले. प्रशांत धावत आला. दोघांनी मिळून मला बाहेर काढलं. झटकल्यावर माझ्यातून इतकी धूळ उडाली की दोघांनाही ठसका लागला.

मी पुन्हा खांद्यावर चढले, प्रशांतच्या. आम्ही नवागामला निघालो. पूर्वी अशा वेळी गल्ली भरून माणसं यायची. या वेळी आले तिघंच, गणपतभाऊ, प्रशांत आणि जयश्री. बाकीच्यांना लाज वाटली असावी, नाहीतर जेवायची वेळ झाली असावी.

इंदुबाईची खोली मी ओळखली. इंदुबाईला ओळखायला मला वेळ लागला. खाटेवर तिचं अंग एवढंसं राहिलं होतं. खिळ्याला तिची धागे कापायची कात्री लटकत होती. मला दुमडून खाटेला लागून पसरलं. गणपतभाऊ कण्हत का होईना, खालीच बसले. जयश्री तिच्या उजवीकडे बसली, जुन्या जागी. प्रशांतने सवयीने फोन खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला. तेवढ्यासाठी मी त्याला मान देते.

जयश्रीने डोळे मिटले. "हे स्वर्गीय पिता, हम तेरे चरणों में..."

"थांब," इंदुबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण नळावरचाच होता. "देवले आते नको सांगू. माले सांग. तू काब्र उनी नही?"

का आली नाहीस, या प्रश्नाने जयश्रीचे डोळे उघडले. "मावशी, मी रोज मांगी राहिंतू. रोज तुनं नाव लेतू."

"व्हय. देवनी आयकं व्हई. त्यानी तुलेच सांगं व्हई, जाय म्हनीसन."

देवाने तिलाच 'जा' म्हटलं असेल, हे ऐकताच जयश्री रडू लागली. तिचे अश्रू माझ्यावर पडले आणि तसेच राहिले. या वेळी पुसायला इंदुबाईचा पदर पोहोचत नव्हता. गणपतभाऊ मान खाली घालून बसले होते. ज्यांनी नियम केला तेच सगळ्यांत आधी खुर्चीवर जाऊन बसले होते, हे त्यांना माहीत होतं.

मग इंदुबाईने हात लांबवून मला चाचपलं. दुमडलेल्या भागातून तिने आपली जागा बरोबर शोधली.

"हाऊ मना मोर," ती म्हणाली. "माले काढी दे. मी लई जास."

"मावशी, सतरंजीले भोक पडी," जयश्री म्हणाली.

"पडू दे. तुम्हले दिसी तरी."

जयश्रीने खिळ्यावरची कात्री काढली. मित्रांनो, मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण ज्या हातांनी मला शिवताना वाकडे टाके घातले होते, ते हात कापताना सरळ चालले, एकेक थर कापत, गोणीपर्यंत. इंदुबाईने तो तुकडा उशाखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. दुसऱ्या दिवशी सुकदेव तिला घेऊन साक्रीकडे गेला. निरोप द्यायला चंचल होती, असं नंतर ऐकलं.

आता मी पुन्हा स्पीकरखाली नाही. प्रशांत म्हणाला होता, भोकाला ठिगळ लावून घेऊ. जयश्रीने लावू दिलं नाही. दर रविवारी, खुर्च्यांची प्रार्थना सुरू होण्याआधी, काहीजण मला पसरून गोल बसतात. नियम पुन्हा सुरू झाला आहे. उजवीकडचा मागतो, आठवड्यात जाऊनही येतो. पूर्वीइतकी माणसं नसतात. गणपतभाऊ मात्र गुडघे मोडले तरी खालीच बसतात. जयश्रीच्या डावीकडे भोक असतं, त्यातून हॉलची फरशी दिसते. तिची पाळी आली की ती त्या फरशीकडे बघते आणि इंदुबाईसाठी मागते. हिंदीत नाही, आपल्या बोलीत. फार मनापासून मागते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

मला एवढंच ठाऊक आहे की सुरतेहून धुळ्याची गाडी रोज सुटते आणि ती साक्रीवरूनच जाते. आमच्यातलं अजून कोणी त्या गाडीत बसलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, या फाटक्या सतरंजीची एक विनंती ऐका. मला जपू नका, मी चिंध्यांची आहे, चिंध्यांतच जाईन. पण तुम्ही कोणासाठी डोळे मिटलेत, तर उघडल्यावर आधी शेजारी बघा. ती जागा रिकामी असेल तर आमेन म्हणायची घाई करू नका. आधी चपला घाला.